कैवार घेणारा बर्णबा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ४:३२-३७, ९:२६-३०, ११:१९-३०, १५:३६-४१

प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक वाचताना आपले लक्ष साहजिकच पेत्राकडे व पौलाकडे जाते. शब्बाथशाळेत आपण मुलांना नकाशावर पौलाच्या फेऱ्या रंगीत पेन्सिलीने काढायला लावतो. त्यांतली पहिली फेरी निघाली तेव्हा ज्याचे नाव आधी घेतले जात होते तो बर्णबा मात्र नकाशाच्या कोपऱ्यात राहून जातो. या महिन्याच्या पाठासाठी आम्ही त्यालाच घेतले आहे. त्याला एक कारण आहे व त्या कारणात आमची स्वतःची लाज आहे. म्हणून ते थोडे पुढे ठेवून आधी शास्त्राकडे वळू.

त्याचे खरे नाव योसेफ. वंशाने लेवी, जन्म कुप्र बेटातला. बर्णबा हे नाव प्रेषितांनी दिलेले. आपल्याकडे टोपणनाव पडते ते बहुधा माणसाच्या खोडीवरून. याला पडले ते गुणावरून. इब्री बोलीत एखाद्याला अमुक गोष्टीचा पुत्र म्हटले की तो गुण त्याच्या अंगी मुरलेला आहे असे समजावे. प्रभूने जब्दीच्या दोघा मुलांना गर्जनेचे पुत्र म्हटले ते याच रीतीने. लूकने बर्णबा या नावाचा अर्थ दिला आहे व आपल्या मराठी शास्त्रात तो ‘बोधपुत्र’ असा आला आहे.

आता ‘बोध’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? व्यासपीठावर उभा असलेला, चष्मा सावरणारा, बोट वर केलेला मनुष्य. आम्ही स्वतः उपदेशक असल्याने हे चित्र आम्हांला फार जवळून ठाऊक आहे! परंतु लूकने त्याच्यासाठी कोणता शब्द वापरला आहे तो पाहा. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला जे थोडेफार ग्रीक शिकवले गेले त्यातून एवढे लक्षात राहिले आहे की हा शब्द ‘पाराक्लेसिस’ असा आहे. याचे मूळ कोणाला आपल्या जवळ, आपल्या बाजूला बोलावणे असे आहे. त्यातून विनंती, सांत्वन, धीर, बोध हे सगळे अर्थ निघाले व मराठी भाषांतरकारांनी ठिकाण पाहून निरनिराळे शब्द योजले. पण याच मुळापासून आलेला दुसरा एक शब्द आपण फार आदराने उच्चारतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू जाण्यापूर्वी शिष्यांना ज्याचे अभिवचन देतो, त्या पवित्र आत्म्याला तेथे ‘पाराक्लेतोस’ म्हटले आहे आणि त्याचे मराठी ‘कैवारी’ असे झाले आहे.

म्हणजे बर्णबाला बोधपुत्र म्हणताना ग्रीक वाचकाच्या कानात जो शब्द घुमत होता तोच पवित्र आत्म्याच्या नावातही होता. मराठीत आपल्याला ते नाते दिसत नाही, कारण एकीकडे बोध आला, दुसरीकडे कैवार. भाषांतरकारांचा दोष काढण्याची आमची योग्यता नाही. मात्र बर्णबाचे चरित्र वाचताना ‘कैवार’ हा शब्द मनात धरून वाचावे, असे आम्ही सुचवतो. कैवार घेणे म्हणजे काय हे आपल्या खेड्यातल्या कोणालाही विचारा. भांडण पेटले आहे, चार लोक जमले आहेत, सगळे एका बाजूला आहेत, आणि एकजण उठून दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहतो. त्याचे काम तोंडाने कमी आणि पायांनी जास्त होते.

बर्णबाचे आणखी एक नवल आहे. या बोधपुत्राचे स्वतःचे असे एकही भाषण लूकने दिलेले नाही. पेत्राची भाषणे आहेत, स्तेफनाचे तर फार लांब आहे, पौलाची आहेत. बर्णबाच्या एकट्याच्या तोंडचे शब्द शोधायला गेलो तर सापडत नाहीत. त्याने काय केले तेवढेच सापडते. पहिल्यांदा तो दिसतो तेव्हा शेत विकून त्याचे पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवतो आहे. शेत कोठे होते, केवढे होते, काही लिहिलेले नाही. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातून (९:६) मात्र असे कळते की हा मनुष्य पुढे स्वतःच्या हातांनी काम करून पोट भरत होता. शेत गेले ते गेले. त्याची परतफेड मंडळीने करावी असे त्याने म्हटलेले दिसत नाही.

पण पैसे देणे तुलनेने सोपे असते. नवव्या अध्यायात त्याने जे दिले ते अधिक अवघड होते.

शौल यरुशलेमेत आला. दिमिष्काच्या वाटेवर त्याला प्रभूचे दर्शन झाले होते व हनन्याने त्याला भाऊ म्हणून हाक मारली होती, पण हे सर्व दूर दिमिष्कात. यरुशलेमेतल्या लोकांच्या आठवणी वेगळ्या होत्या. या मनुष्याने घरोघर शिरून पुरुषांना व स्त्रियांना ओढून तुरुंगात टाकले होते (८:३). ज्या घरात शिष्य जमत होते, त्याच घरातले कोणी तरी त्याने नेलेले असेल. स्तेफनाच्या दफनाला गेलेले लोक तेथे बसलेले असतील. हा शिष्य झाला आहे असे कोणी सांगितले तर त्यांनी कसे मानावे? हेरगिरीचा डाव असेल असे वाटले तर त्यात वावगे काय? आपण उपदेशात या लोकांना अल्पविश्वासी म्हणून मोकळे होतो, ते आम्हांला पटत नाही. त्यांचे भय खरे होते.

ते भय खरे असतानाच बर्णबाने शौलाला सोबत घेतले व प्रेषितांकडे नेले. तेथे त्याने तीन गोष्टी सांगितल्या असे लूक म्हणतो : शौलाने वाटेवर प्रभूला पाहिले, प्रभू त्याच्याशी बोलला, आणि दिमिष्कात त्याने येशूच्या नावाने धैर्याने भाषण केले. आता विचार करा, बर्णबाला हे सगळे ठाऊक कसे झाले? कोणी तरी शौलाजवळ बसून त्याचे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतले असल्याशिवाय हे सांगता येणार नाही. बाकीचे त्याला पाहून दुसऱ्या गल्लीने जात होते त्या दिवसांत बर्णबा त्याच्याशी बोलत बसला होता. मग तो आपले चांगले नाव पणाला लावून त्याचा जामीन राहिला. शौल पुढे खोटा निघाला असता तर प्रथम बर्णबाकडे बोट गेले असते.

आता आमची गोष्ट सांगतो.

आमची मंडळी सीमाभागातल्या एका लहान शहरात आहे. सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या तरुण संघाचा खजिनदार असलेल्या मुलाने हंगामाच्या सणाचे जमलेले पैसे मटक्यात घालवले. रक्कम फार मोठी नव्हती; पण ती बायकांनी लोणची-पापड विकून, म्हाताऱ्यांनी कोंबडी, तांदूळ, नारळ आणून दिलेल्या लिलावाची होती. त्याच्या वडिलांनी दुचाकी विकून पैसे भरले. मुलगा गोव्याला निघून गेला व तेथे चार वर्षे मिळेल ते काम करीत राहिला. हे पाप लहान होते असे आम्ही म्हणणार नाही, व तोही म्हणत नाही.

चार वर्षांनी एका रविवारी तो उपासनेला आला आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला. दानाची थैली त्याच्यापुढून जरा घाईनेच सरकली. ते आम्ही वेदीजवळून पाहिले. उपासनेनंतर दारात आम्ही त्याचा हात हाती घेतला, “सलाम, बरा आहेस ना, येत जा,” म्हणालो, आणि आमच्यामागे उभ्या असलेल्या डॉक्टरसाहेबांकडे वळलो. घरी जाऊन त्याला भेटायचे असे मनात ठरवले. त्या आठवड्यात जमले नाही. पुढच्या आठवड्यातही नाही.

महिन्याभराने त्याचे नाव सभासदांच्या यादीत पुन्हा घालावे असा त्याचा अर्ज पंचांच्या सभेपुढे आला. एकाने विचारले, याची हमी कोण देणार? दुसरे म्हणाले, वर्षभर थांबून वागणूक पाहू. हे बोलणे दुष्टपणाचे नव्हते. आम्हांला त्याच्याविषयी दोन शब्द बोलता आले असते, कारण आम्ही त्याला लहानपणापासून ओळखत होतो, त्याच्या घरी कित्येकदा जेवलो होतो. पण त्या वर्षी चिटणीसपदाची निवडणूक होती आणि आमचे नाव पुढे होते. आम्ही गप्प बसलो.

त्या वेळी मंडळीतल्या एक वृद्ध बाई, दवाखान्यात आयुष्यभर परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या, दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या पंच नव्हत्या. त्यांना सभेत बोलण्याचा अधिकार नव्हता. त्या म्हणाल्या, “बाबांनो, त्याचं नाव माझ्या नावाखाली लिहा. पुन्हा काही कमीजास्त झालं तर माझ्या पेन्शनीतून घ्या.” एवढे बोलून त्या गेल्या. पाळकसाहेबांनी काही वेळ मान खाली घातली व मग नाव लिहून घेतले.

तो मुलगा पुढे काही मोठा उपदेशक वगैरे झाला नाही. गॅरेजमध्ये काम करतो. महिन्यातून दोन-तीन रविवार येतो, एखादा चुकतो. दोन वर्षांनी आम्ही त्याच्याकडे जाऊन त्या सभेतल्या आमच्या गप्प बसण्याची कबुली दिली. तो म्हणाला, “सर, मला कळलं होतं. मला वाटलं होतं तुम्हीच बोलाल. तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचा ना.” त्याने चहा मागवला, आम्ही प्यालो. त्या वाक्यापुढे आमची धर्मशिक्षणाची पदविका काही उपयोगी पडली नाही.

पौलाने फिलेमोनाला लिहिलेले लहानसे पत्र आपण आता वाचले तर त्यातली एक गोष्ट वेगळी दिसेल. पळून गेलेल्या अनेसिमाला परत पाठवताना पौल लिहितो की त्याने काही बुडवले असेल किंवा तो काही देणे लागत असेल, तर ते आपल्या खात्यावर घालावे. आणि हे आपण स्वहस्ते लिहीत आहो असेही सांगतो. हे तो कोठे शिकला? प्रथम प्रभूच्या वधस्तंभापाशी, यात शंका नाही. पण यरुशलेमेत आपल्यासाठी जो मनुष्य असाच उभा राहिला, त्याची आठवणही त्या अक्षरांत असावी असे आम्हांला वाटते.

आता अंत्युखियाकडे वळू. तेथे स्तेफनाच्या छळानंतर पांगलेले लोक गेले व त्यांनी ग्रीक लोकांनाही सुवार्ता सांगितली. नवे लोक, नवी बोली, नव्या चालीरीती. यरुशलेमच्या मंडळीने चौकशीसाठी बर्णबाला पाठवले. वरून कोणी पाहणीला आला की आपल्याकडे काय होते ते सर्वांना माहीत आहे : रजिस्टरे निघतात, हिशेब निघतात, आणि पाहणारा आधी चुका शोधतो, नाही तर तो आला कशाला असे लोक म्हणतील! बर्णबाने तेथे देवाची कृपा पाहिली व त्याला आनंद झाला. मग त्याने त्यांना बोध केला. येथेही लूकचा शब्द तोच. दुसऱ्याचे चांगले पाहून ज्याला आधी आनंद होतो, त्याचा बोध ऐकणाऱ्याला बोचत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठी मंडळ्यांना हा भाग विशेष लागू आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, कोठेही घ्या; आपण थोडे आहो, पिढ्यान् पिढ्या एकमेकांचे सोयरे आहो, कोणाचा बाक कोणता हेही ठरलेले आहे. बदली होऊन एखादे नवे कुटुंब येते. आपण त्यांना पहिला प्रश्न विचारतो, “आपण मूळचे कुठले? अमक्यांचे कोण?” उत्तरात ओळखीचे आडनाव निघाले की चेहरा खुलतो, नाही निघाले की संभाषण तेथेच संपते. ते कुटुंब दोन महिने येते व मग शहरातल्या दुसऱ्या एखाद्या मोठ्या चर्चमध्ये जाऊ लागते. आपण म्हणतो, त्यांना मराठी उपासनेची गोडी नाही.

अनोळखी माणसाशी नीट बोलण्याचे फळ काय असू शकते हे मराठी ख्रिस्ती समाजाने तरी विसरू नये. १८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला जात होते. डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्याशी सौजन्याने बोलणे काढले, संस्कृत काव्याविषयी आस्थेने चर्चा केली व जाताना नव्या कराराची प्रत हाती दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. पुढचे सर्व आपण आपल्या गीतांच्या पुस्तकात दर रविवारी पाहतो. परधर्मीय व परक्या मनुष्याच्या विद्येचा मान राखून त्या प्रवाशाने सुरुवात केली होती, हे ध्यानात घ्या.

अंत्युखियात काम वाढले तेव्हा बर्णबाला शौलाची आठवण झाली. शौलाला यरुशलेमेहून तार्सास पाठवून कित्येक वर्षे लोटली होती आणि त्या वर्षांविषयी कृत्यांचे पुस्तक काही सांगत नाही. बर्णबा त्याला शोधायला स्वतः गेला. आजच्या रस्त्याने हे अंतर २०० किलोमीटरांहून अधिक भरते. शोधण्यासाठी लूकने येथे जो शब्द वापरला आहे, तोच त्याने आपल्या शुभवर्तमानात योसेफ व मरीया बारा वर्षांच्या येशूला नातेवाइकांत आणि यरुशलेमेत शोधत फिरतात तेथे वापरला आहे. हरवलेले पोर शोधावे तसा हा शोध होता. हल्ली रोज सकाळी मोबाईलवर फुलांच्या चित्रासह एक वचन शंभर जणांना पाठवता येते. आम्हीही पाठवतो, त्यात वाईट काही नाही. पण त्याला तार्साचा प्रवास म्हणता येणार नाही.

या प्रवासाची किंमतही बर्णबाने भरली. तेराव्या अध्यायाच्या आरंभी ‘बर्णबा व शौल’ असा क्रम आहे. कुप्राची फेरी संपते न संपते तोच ‘पौल व बर्णबा’ होऊ लागतो. मधूनमधून जुना क्रम परत येतो, पण पुढारी कोण झाला ते उघड आहे. ज्याला आपण हात धरून आणले तोच आपल्यापुढे गेला, हे सोसणे किती कठीण असते ते ज्यांनी मंडळीत कामे केली आहेत त्यांना सांगायला नको. बर्णबा कुरकुरल्याचे कोठे लिहिलेले नाही.

मग मार्काचे प्रकरण. योहान मार्क पहिल्या फेरीत पंफुल्यातून माघारी गेला होता. दुसऱ्या फेरीला त्याला न्यावे असे बर्णबा म्हणाला, पौल नको म्हणाला, आणि दोघांत असा वाद झाला की ते वेगळे झाले. कोणाचे बरोबर होते? शास्त्र निकाल देत नाही, म्हणून आम्हीही देणार नाही. पौलाच्या डोळ्यांपुढे काम होते, बर्णबाच्या डोळ्यांपुढे मुलगा. मार्क बर्णबाचा भाऊबंद होता हे कलस्सैकरांस पत्रात (४:१०) आले आहे. तेव्हा ‘आपल्या माणसाला पुढे करतो’ असे तेव्हाही कोणी म्हटले असेल. बर्णबा त्याला घेऊन कुप्रास गेला आणि तेथून पुढे कृत्यांच्या पुस्तकात पुन्हा दिसत नाही. मार्क मात्र दिसतो. आयुष्याच्या शेवटी, तुरुंगातून, पौल तीमथ्याला कळवतो की येताना मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (२ तीम. ४:११). आणि मंडळीच्या फार जुन्या परंपरेप्रमाणे दुसरे शुभवर्तमान याच मार्काच्या हातचे आहे.

बर्णबात दोष नव्हता असे कोणी समजू नये. गलतीकरांस पत्रात (२:१३) पौल खेदाने लिहितो की अंत्युखियात पेत्र विदेशी बंधूंच्या पंक्तीतून उठला तेव्हा बर्णबाही इतरांबरोबर वाहवत गेला. ज्या लोकांना पाहून त्याला प्रथम आनंद झाला होता त्यांच्याच ताटावरून तो उठला! कोमल मनाच्या माणसाला हा धोका असतो. कोणालाच दुखवायचे नसते, म्हणून जे समोर बसले आहेत व ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांचे मन तो राखतो, आणि ज्याचा कैवार घ्यायचा तो एकटा पडतो. आम्ही त्या सभेत गप्प बसलो तेही कोणाला दुखवू नये म्हणूनच, असे आम्ही स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

हा पाठ बायबल वर्गात किंवा तरुण संघात घेणाऱ्यांसाठी एक सूचना. चारही शास्त्रभाग मोठ्याने वाचून झाल्यावर लगेच प्रश्नोत्तरे घेऊ नयेत. मंडळीची सभासद यादी मागवून घ्यावी आणि जी माणसे दोन वर्षांत उपासनेला दिसली नाहीत त्यांची नावे एकाने सावकाश वाचावीत. ती का येत नाहीत याची चर्चा करू नये; त्यात निंदा शिरते. फक्त प्रत्येक नावाला, यांना शेवटचे कोण भेटले होते, एवढेच विचारावे. आमच्या वर्गात गेल्या महिन्यात अशी अकरा नावे निघाली. त्यांतल्या चौघांचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. एकाचा पत्ता त्या गॅरेजमधल्या तरुणाला ठाऊक होता, तो म्हणाला, “मी नेतो तुम्हांला, सर, पण गाडी आत जात नाही, शेवटी चालावं लागेल.” येत्या शनिवारी दुपारी आम्ही दोघे जाणार आहोत.